जिताड्याचे मोठे मासे आणि खाडीचे मुख

चेन्नईहून पूर्व किनारा रस्त्याने दक्षिणेकडे सुमारे ४० किलोमीटर गेल्यावर कोवलम हे मच्छीमारांचे गाव लागते. केरळमधील याच नावाच्या पर्यटनस्थळाशी त्याचा संबंध नाही. गावाच्या उत्तरेस मुट्टुकाडूची खाडी समुद्राला मिळते. ही खाडी उथळ आहे. तिच्यात बकिंगहॅम कालव्याचे पाणी उतरते आणि पावसाळ्यात दक्षिण चेन्नईच्या पाणथळ भागाचा निचराही तिच्यातूनच होतो. खाडीत फेकजाळे टाकणारे स्थानिक मच्छीमार असतात, तसेच शहरातून सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन येणारे हौशी लोकही असतात. दोघेही ज्या माशाची सर्वाधिक वाट पाहतात त्याला तमिळमध्ये ‘कोडुवा’, बंगालीत ‘भेटकी’, ऑस्ट्रेलियात ‘बारामुंडी’ आणि रायगड-रत्नागिरीत ‘जिताडा’ म्हणतात. शास्त्रीय नाव लेट्स कॅलकॅरिफर.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेचे, म्हणजेच ‘सिबा’चे, प्रायोगिक केंद्र याच खाडीकाठी आहे. बंदिस्त टाक्यांत जिताड्याचे प्रजनन घडवून बीज तयार करण्यात देशात पहिल्यांदा यश मिळाले ते येथेच, १९९७ साली. या यशाचा उल्लेख मत्स्यशेतीच्या संदर्भात वारंवार होतो. परंतु त्याचा खाडीतील मासेमारीशी असलेला संबंध क्वचितच सांगितला जातो. जिताड्याचे जीवनचक्र समजून घेतल्यास हा संबंध स्पष्ट होतो.

नदीतील गळाच्या मासेमारीवर लिहिलेल्या पाश्चात्त्य पुस्तकांत ‘बास’ आणि ‘ट्राउट’ ही नावे जोडीने येतात. ‘बास’ हे नाव तेथे परस्परांशी फारसे नाते नसलेल्या अनेक माशांना दिले जाते. अमेरिकेतील गोड्या पाण्याचा बास वेगळ्या कुळातील, तर जिताडा, ज्याला इंग्रजीत ‘एशियन सीबास’ म्हणतात, वेगळ्या कुळातील. ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्याचा मासा. इंग्रजांनी तो काश्मीर आणि निलगिरीच्या ओढ्यांत आणून सोडला. निलगिरीतील अव्हलांच येथील त्याचे उबवणी केंद्र १९०७ च्या सुमाराचे आहे. ट्राउटच्या आहारात जलकीटकांचा वाटा मोठा असतो. मेफ्लाय, कॅडिस यांसारख्या कीटकांच्या अळ्या आणि पाण्यावर उतरणारे त्यांचे प्रौढ तो टिपतो. म्हणूनच ट्राउटसाठी पिसे आणि दोरा गुंडाळून कीटकासारखी दिसणारी कृत्रिम आमिषे करण्याची कला वाढली. अशी आमिषे बांधणाऱ्याला कीटकांच्या कुळांची ओळख अनेकदा एखाद्या विद्यार्थ्यापेक्षा चांगली असते. जिताड्याच्या बाबतीत मात्र हे ज्ञान फारसे उपयोगी पडत नाही. कोवळ्या वयात तो सूक्ष्म कवचधारी प्राणी आणि काही कीटक खातो. बोटभर वाढला की मासे व कोळंबी हेच त्याचे अन्न होते, आणि त्यात त्याची स्वतःची भावंडेही आली.

नराची मादी होते

जिताड्याचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे तो आयुष्यात लिंग बदलतो. बहुसंख्य मासे तीन-चार वर्षांच्या वयात नर म्हणून प्रौढ होतात, एक-दोन हंगाम नर म्हणून प्रजननात भाग घेतात आणि पुढे, साधारण सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान, मादीत रूपांतरित होतात. थोडे मासे सरळ मादी म्हणूनच वाढतात, परंतु ते अपवाद होत. यावरून निघणारा निष्कर्ष सोपा आहे. खाडीत दोन-अडीच किलोचा जिताडा मिळाला तर तो बहुधा नर असतो आणि आठ-दहा किलोचा मिळाला तर ती बहुधा मादी असते.

एक मोठी मादी एका हंगामात लाखो अंडी घालते. आकार वाढतो तशी ही संख्या वेगाने वाढते. बाजारात मोठ्या जिताड्याला किलोमागे भाव अधिक मिळतो आणि गळ टाकणाऱ्याला छायाचित्रासाठीही मोठाच हवा असतो. या दोन्ही आवडींचा भार नेमका माद्यांवर पडतो. दुसऱ्या बाजूला बारीक आसाच्या जाळ्यात सापडणारी पिल्ले म्हणजे पुढचे नर आणि त्याहून पुढच्या माद्या. म्हणजे मासेमारी लहान टोकाला झाली तरी माद्या घटतात आणि मोठ्या टोकाला झाली तर लगेच घटतात. पापलेट किंवा बांगड्याच्या बाबतीत ‘लहान मासा धरू नका’ हा नियम पुष्कळसा पुरतो. जिताड्याच्या बाबतीत तो निम्माच पुरतो.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने हा मुद्दा नियमात आणला आहे. तेथे ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा बारामुंडी ठेवून घेता येत नाही. मधल्या आकाराचा मासाच घरी नेता येतो. शिवाय पूर्व किनाऱ्यावर १ नोव्हेंबरपासून तीन महिने, म्हणजे प्रजननाच्या काळात, तो धरण्यास बंदी असते. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ सागरी प्रजातींसाठी किमान कायदेशीर आकार निश्चित केला, हे स्वागतार्ह पाऊल आहे. तथापि किमान मर्यादा हे वरच्या मर्यादेचे काम करू शकत नाही. जिताड्यासारख्या लिंग बदलणाऱ्या प्रजातीसाठी दोन्ही मर्यादा असणे शास्त्रीयदृष्ट्या अधिक योग्य ठरेल.

मासेमारीबंदीच्या हंगामाविषयीही थोडा गैरसमज आहे. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून आणि पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. ती समुद्रात जाणाऱ्या यांत्रिक नौकांसाठी आहे. खाडीतील पाग, उथळ पाण्यातील उभी जाळी आणि काठावरचा गळ यांना ती बहुतांशी लागू होत नाही. जिताड्याच्या संदर्भात त्यामुळे बंदीचा लाभ मर्यादित राहतो.

जाळे आणि गळ

फेकजाळे, म्हणजे कोकणातील पाग, हे खाडीतील सर्वांत जुन्या साधनांपैकी एक. त्याचा घेर लहान असतो. तो टाकणारा माणूस एका वेळी एकाच जागी काम करतो आणि नको असलेला मासा जिवंत सोडून देणे त्याला शक्य असते. साधन म्हणून त्यात दोष नाही. दोष येतो तो आस फार बारीक असल्यास. उभे, तरंगते गलजाळे वेगळ्या तत्त्वावर चालते. मासा आसातून डोके घालतो आणि कल्ल्यांपाशी अडकतो. आसाच्या मापाहून फार लहान मासा पार निघून जातो, फार मोठा मासा डोके घालूच शकत नाही. म्हणजे गलजाळ्याला स्वतःचीच खालची आणि वरची मर्यादा असते. आसाचे माप योग्य निवडले तर क्वीन्सलँडने कायद्याने केले तेच काम जाळे आपोआप काही अंशी करते. हा गुण अधिकाऱ्यांच्या आणि मच्छीमारांच्या चर्चेत अधिक यायला हवा. खाडीच्या तोंडाशी आडवी लावलेली बारीक आसाची पिशवीजाळी मात्र काहीच निवडत नाहीत. ओहोटीबरोबर येणारे सर्व त्यांत जमा होते.

गळाच्या मासेमारीत निवड माणसाच्या हातात असते. मासा जिवंत वर येतो आणि तो ठेवायचा की सोडायचा हे ठरवता येते. अर्थात सोडलेला मासा जगला तरच या निवडीला अर्थ आहे आणि ते बव्हंशी साधनांवर अवलंबून आहे. जिताडा भक्ष्य चावत नाही. तो तोंड झटक्यात उघडतो आणि पाण्यासह भक्ष्य आत ओढून घेतो. त्यामुळे साधा सरळ गळ अनेकदा घशात किंवा आतड्यात रुततो आणि असा मासा सोडला तरी मरतो. टोक आतल्या बाजूला वळलेला गोलाकार गळ घशात रुतत नाही. दोरी ताणली की तो सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. त्यासाठी आमिष ओढल्याबरोबर काठीला हिसका देण्याची सवय सोडावी लागते. दोरी हळूहळू ताणू द्यावी लागते. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला तर काढताना जखम लहान होते. कृत्रिम लाकडी किंवा प्लास्टिकच्या माशाला तीन-तीन टोकांचे दोन गळ असतात. ते बदलून एकेरी गळ लावणे कठीण नाही आणि गळ काढताना माणसाची बोटेही वाचतात.

जिताड्याच्या कल्ल्यावरील झाकणाची कडा धारदार असते. बारीक नायलॉनची दोरी तिच्यावर घासली की तुटते आणि मासा तोंडात गळ घेऊन निसटतो. म्हणून गळाजवळ हातभर जाड दोरीचा तुकडा जोडतात. तो मासा गमावू नये म्हणून असतो, परंतु गळ रुतलेले मासे खाडीत कमी राहतात हाही त्याचाच लाभ. मासा हाती आल्यावर तो नुसत्या जबड्याने उभा लोंबकळत धरू नये. मोठ्या माशाचे वजन त्याच्या मणक्याला आणि पोटातील अवयवांना झेपत नाही. ओल्या हाताने, पोटाखाली आधार देऊन, शक्यतो पाण्यातच ठेवून गळ काढावा आणि मासा प्रवाहाकडे तोंड करून स्वतःहून पोहू लागेपर्यंत धरावा.

वेळेबाबत कोवलमचे आणि रेवदंड्याचे मच्छीमार एकच सांगतील. ओहोटी सुरू झाली की उथळ भागातील पाणी बारीक ओघळांनी मुख्य पात्रात उतरते, त्याबरोबर बोयची पिल्ले व कोळंबी खाली येतात आणि ओघळाच्या तोंडाशी जिताडा थांबलेला असतो.

मुख बंद झाले तर

जिताडा खाडीत वाढतो. नदीतून गोड्या पाण्यातही तो बराच वर जातो. परंतु अंडी घालण्यासाठी त्याला समुद्राएवढे, म्हणजे दर हजारी सुमारे २८ ते ३५ भाग क्षार असलेले पाणी लागते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, तिन्हीसांजेनंतर, खाडीच्या मुखाशी त्याचे प्रजनन होते. अंडी एक मिलिमीटरहूनही लहान आणि तरंगणारी असतात. ती भरतीबरोबर आत येतात आणि १५ ते १८ तासांत फुटतात. या व्यवस्थेत मुख दोनदा उघडे असावे लागते. एकदा माद्या बाहेर जाताना आणि एकदा पिल्ले आत येताना.

कोवलमच्या खाडीची अडचण येथेच आहे. चेन्नईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील फरक साधारण एक मीटरच असतो. लाटा किनाऱ्यालगत वाळू वाहून आणतात आणि कोरड्या महिन्यांत मुखावर वाळूचा बांध तयार होतो. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमी पावसात आतील पाणी वाढले की तो फुटतो किंवा यंत्राने फोडावा लागतो. मुख बंद असताना आतील पाणी साचते, उन्हाळ्यात त्याचा खारेपणा वाढतो आणि वस्त्यांचे सांडपाणी त्यातच राहते. मोठे मासे आत अडकले तर ते जाळ्यांना सोपे सावज होतात. तमिळनाडूच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात कोवलम उपखोऱ्यात चेन्नईसाठी गोड्या पाण्याचा नवा जलाशय करण्याची घोषणा झाली. महानगराची तहान खरी आहे. परंतु खाऱ्या-गोड्या पाण्याची सीमा सरकली तर जिताडा, बोय, कोळंबी आणि चिंबोरी यांचे काय होईल, हा तेथील मच्छीमारांचा प्रश्नही तितकाच खरा आहे. त्याचे उत्तर आराखड्यातच असावे लागेल, नंतरच्या भरपाईत ते मिळणार नाही.

कोकणात भरती-ओहोटीतील फरक मोठा असतो. मुंबईजवळ तो उधाणाच्या वेळी चार मीटरहून अधिक होतो. त्यामुळे मोठ्या खाड्यांची मुखे वाळूने सहसा बंद होत नाहीत. येथे माणसाने बांधलेले बंधारे ते काम करतात. खारबंदिस्तीच्या उघाडीची झडप भरतीच्या दाबाने मिटते आणि ओहोटीला उघडते. भातासाठी ही रचना अचूक आहे, परंतु भरतीबरोबर येणारे पिल्लू बाहेरच राहते. गोव्याच्या खाजनांतही ‘मानस’ याच तत्त्वावर चालते. झडपेची देखभाल करताना ठराविक दिवशी, ठराविक वेळ पाणी आत घेण्याची मुभा ठेवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. शेतजमीन खारी होऊ न देता ते कोठे जमेल, हे प्रत्येक बंदिस्तीच्या उतारावर आणि निचऱ्याच्या चरांवर ठरेल.

टाकीतील बीज आणि रायगडची तळी

अलिबाग, पेण, उरण तालुक्यांतील खारपट्ट्यात भातशेतीच्या कडेला किंवा घराजवळ तळे ठेवून त्यात जिताडा वाढवण्याची रीत जुनी आहे. शहापूर-धेरंड परिसरातील अशी तळी प्रसिद्ध आहेत. पावसाळ्यात खाडीतून पिल्ले गोळा करून तळ्यात सोडायची, तिलापियासारखे लहान मासे त्यांना खाऊ द्यायचे आणि दोन-तीन वर्षांनी, लग्नकार्य किंवा अडीअडचणीच्या वेळी, मासा काढायचा. शेतकऱ्यासाठी ते चालतेबोलते बचत खाते होते. या व्यवस्थेचा पाया खाडीतील नैसर्गिक पिल्लू हा आहे आणि तळ्यात वाढलेला जिताडा माघारी खाडीत जात नाही. तो विकला जातो त्या वयात बहुधा नरच असतो. खाडीतील माद्यांच्या साठ्यात त्याची भर शून्य.

मुट्टुकाडूच्या प्रयोगाचे महत्त्व येथे आहे. प्रजनक माशांना मोठ्या टाक्यांत समुद्राचे पाणी देऊन वाढवणे, योग्य अवस्थेत संप्रेरक देणे, रात्री घातलेली तरंगती अंडी गोळा करणे, अळ्यांना तिसऱ्या दिवसापासून रोटिफर आणि पुढे आर्टेमिया देणे, असे हे तंत्र आहे. पुढे राजीव गांधी जलसंवर्धन केंद्रानेही तमिळनाडूत तोडुवाई येथे जिताडा बीजनिर्मिती उभी केली. महाराष्ट्रात कांदळवन प्रतिष्ठानाच्या उपजीविका योजनेतून खाड्यांमध्ये पिंजऱ्यातील जिताडा संवर्धन सुरू झाले. बीज टाकीतून आले की खाडीतील पिल्लू खाडीत राहते. जाळ्याच्या आसाविषयीचे नियम आणि बीजनिर्मिती ही एकमेकांची पर्यायी नव्हेत, पूरक कामे आहेत.

बीज आणल्यावर पहिली हानी भावंडांकडून होते. जिताड्याचे पिल्लू स्वतःच्या लांबीच्या सुमारे दोन-तृतीयांश लांबीचे दुसरे पिल्लू गिळू शकते. म्हणून पहिले काही आठवडे ती बारीक जाळीच्या हाप्यात ठेवून दर चार-पाच दिवसांनी आकारानुसार वेगळी करावी लागतात. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते टाळल्यामुळेच बहुतेकांचे बीज निम्म्यावर येते. दुसरी हानी कीटकांकडून होते आणि ती अनेकदा लक्षातच येत नाही. पावसाने गोड्या झालेल्या तळ्यात उलटे पोहणारे ढेकूण, पाणभुंगेरे, मोठे पाणढेकूण आणि चतुरांच्या अळ्या बोटभराहून लहान पिल्ले धरून खातात. मत्स्यबीज सोडण्यापूर्वी हेक्टरी ५६ किलो तेल आणि १८ किलो साबण यांचे मिश्रण पृष्ठभागावर पसरण्याची शिफारस जुनी आहे. पृष्ठभागावर येऊन हवा घेणारे ढेकूण व भुंगेरे त्या तवंगाने गुदमरतात. परंतु चतुराची अळी गुदद्वारातील कल्ल्यांनी पाण्यातूनच श्वास घेते. तिच्यावर तवंगाचा परिणाम होत नाही. तिच्यासाठी तळे आधी पूर्ण आटवणे, आत येणारे पाणी बारीक जाळीतून घेणे आणि पाणी भरल्यावर लगेच, अळ्या वाढण्याआधी, बीज सोडणे हाच उपाय. बीज हाप्यात ठेवल्यास दोन्ही प्रकारच्या शत्रूंपासून संरक्षण मिळते. पाण्यातील खारेपणा पुरेसा असल्यास यातील बहुतेक कीटक मुळातच टिकत नाहीत.

तिसरी हानी शेजारच्या भातातून येते. खोडकिडा किंवा तुडतुड्यांसाठी मारलेली सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे माशांना अत्यल्प मात्रेतही घातक असतात. तुडतुड्यांवर ती भातातही उलटतात, कारण कोळ्यांसारखे नैसर्गिक शत्रू आधी मरतात आणि तुडतुडे पुन्हा वाढतात. निओनिकोटिनॉइड गटातील औषधांनी मासा सहसा थेट मरत नाही. परंतु कोळंबी आणि बारीक कवचधारी प्राणी मरतात आणि पिल्लाचे अन्न संपते. बांधाची बिळे पोखरणाऱ्या खेकड्यांसाठी ठेवलेले विषारी आमिष पावसात धुऊन चरात उतरते. ज्या खाचराचा निचरा जिताड्याच्या तळ्यात होतो, तेथे औषध मारण्यापूर्वी किडीची संख्या नुकसानीच्या पातळीला पोहोचली आहे का हे पाहणे, मारल्यास पुढील काही दिवस खाचराचे पाणी बांधून ठेवणे आणि खेकड्याचे आमिष बिळाच्या आत ठेवून तोंड मातीने बुजवणे, एवढे तरी करावे.

बीज प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून येते आणि ते बहुधा खाऱ्या पाण्यात वाढलेले असते. तळ्याचे पाणी जुलैअखेर जवळजवळ गोडे असते. जिताडा गोड्या पाण्यात जगतो, मात्र बदल हळूहळू झाला पाहिजे. पिशवी प्रथम तळ्यावर तरंगत ठेवून तापमान सारखे होऊ द्यावे, नंतर ती उघडून तळ्याचे पाणी थोडे थोडे मिसळावे. खारेपणातील फरक मोठा असल्यास हे काम टाकीत काही तास, गरज पडल्यास दोन-तीन दिवस, करावे. त्यासाठी लागणारी टाकी आणि हापा बीज मागवण्यापूर्वीच तयार असावेत, कारण पिशवीतील बीज फार वाट पाहू शकत नाही.